चार दहाची ट्राम

नवरा घंटा वाजवत ट्राम चालवायचा, म्हणून त्या घंटाकाकू. लग्न होऊन आल्या तेव्हा इथे नुसती शेतं होती. आधी रूळ आले, मग रुळांच्या मागोमाग घरं. शहरानं वाढत वाढत येऊन सगळं कधी गिळलं, कळलंसुद्धा नाही. ट्राम बंद झाली, रुळांवर डांबर पडलं, नवरा वारला. त्यालाही चाळीस वर्षं झाली.

पण रोज चार वाजून दहा मिनिटांनी काकूंचं घर थरथरायचं. फळीवरचे पेले किणकिणायचे. काकू शिलाई मशीनचं चाक हातानं धरून ठेवायच्या. "हं, गेले आमचे हे," म्हणायच्या, की पुढचा टाका. सून मात्र पोरांना पोटाशी ओढायची.

मग शेजारच्या बिल्डरनं तक्रार केली, घर हलतं, पाडा. इंजिनिअर आला तो नेमका पावणेचारला. त्यानं घरात फरशीवर हादरे मोजायचं यंत्र ठेवलं. "अर्धा तास बघतो. काटा हलला, तर घर रिकामं करावं लागेल."

सून काकूंकडे धावली. दोन पोरं घेऊन जायचं कुठे? "आई, आजच्या दिवस नको म्हणा ना त्यांना!"

"रुळांवरचा माणूस तो, सरळच जाणार! जिवंतपणी तरी कधी ऐकलंय माझं?" काकू करवादल्या. पण चपला घालून खाली उतरल्या आणि घराच्या अलीकडे, जुन्या थांब्याच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. तिथे आता औषधांचं दुकान आहे.

चार दहाला डांबराखाली गुणगुण सुरू झाली. काकूंनी हात केला. गुणगुण थांबली. वर काटा जागचा हलला नाही.

सून खिडकीतून बघत होती. काकू मोकळ्या रस्त्याशी हुज्जत घालत होत्या. "अहो, मागं फिरवा. पुढे नका येऊ. आज नको, कधीच नको!" मग हात खाली घेतला. ट्रामवाल्यांचा नियम त्यांना पाठ होता: उगाच हात करायचा नाही, थांबवली की चढायचं.

त्यांनी वर पाहिलं. "दूध तापवलंस ना गं? पोरांना दे," म्हणाल्या. पदर खोचला आणि पायरी चढावी तसा पाय उचलला.

इंजिनिअरनं 'घर भक्कम' असं लिहून सही केली. सून धावत खाली गेली. औषधवाला म्हणाला, "काकू? आत्ता इथेच होत्या की!"

घर पुन्हा कधीच हललं नाही. सून रोज चार दहाला हातातलं काम टाकून भिंतीला तळवा लावून उभी राहते. एकदा तरी हलू दे, म्हणते.