तळ्यावरून गेलेली रेघ

तुम्ही कधी पाण्यावरून चालत तळं ओलांडलंय का? माझ्या आईने परवा सकाळी ओलांडलं. निदान तिच्या मनगटावरचं घड्याळ तरी तसंच म्हणतं.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिने पहिल्यांदाच तळ्याला पूर्ण फेरी मारली. घड्याळाला जागा कळते ती फोनच्या जीपीएसवरून, ब्लूटूथने, म्हणून फोन पिशवीत आणि त्याच फोनला जोडलेले वायरलेस इअरफोन कानात. वाटेत गाणं सारखं अडखळत होतं. नकाशाही अडखळत होता, हे आम्ही दोघं बाकावर बसल्यावर कळलं. तिची वाट तळ्याच्या मधून सरळ रेघ होऊन गेली होती आणि अंतर निम्मं भरलं होतं.

“बघ, मला सिद्धी मिळाली!” आई हसली. मग तिचा चेहरा पडला. “तुझ्या मावशीला हे कसं पाठवू? तिला वाटेल, मी अर्ध्यातूनच परतले.” आणि गुडघा धरून ती पुन्हा फेरीला उठली.

मला संताप आला. खोक्यावर ‘जीपीएस’ केवढ्या ठळक अक्षरांत होतं! ते फोनकडून उसनं घ्यायचंय, हे मात्र मुंगीएवढ्या अक्षरांत. शेजाऱ्याची विहीर आपली म्हणून मिरवायची, आणि वर माझ्या आईला खोटं पाडायचं?

“बस खाली,” मी म्हणालो. “मावशीला फोन लाव आणि तोंडाने सांग.”

घड्याळ घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला एवढंच विचारा, जीपीएस याचं स्वतःचं की फोनचं? आणि सरळ उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.