इंदूवहिनीची ट्रॉली उतारावर थांबते

आमची शेवटची भेट धुळ्याच्या दवाखान्यात झाली. मी देवपुरातच राहते, त्यामुळे डबा घेऊन रोज जायचे. त्या दिवशी मऊ खिचडी नेली होती. वहिनीने दोन घास खाल्ले, बाकीचं बाजूला सारलं आणि मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता काहीतरी निरवानिरवीचं बोलेल. तर म्हणाली, "शोभाबाई, तुमना भाऊ ट्रॅक्टर इकाना म्हनतस. त्यास्ले समजाडा. रूपाली चालावस ना!" आता काय म्हणावं या बाईला! नाकात ऑक्सिजनची नळी, हाताला सलाईन आणि डोक्यात काय, तर ट्रॅक्टर विकू द्यायचा नाही. मी रागावले, "आधी बरी हो, मग बघू." ती हसली नुसती. दुसऱ्याच दिवशी सकाळी रूपालीचा फोन आला. ती वहिनीची सून, माझ्या भाच्याची बायको, मला फुई, म्हणजे आत्या, म्हणते. "फुई..." एवढंच म्हणाली. मला कळलं.

इंदूवहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची, दादाची बायको. एरंडोलजवळच्या आमच्या गावात ती लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होते. नणंद-भावजयीचं जे काही भांडायचं असतं ते आम्ही पहिल्या दोन वर्षांतच उरकून टाकलं. मी तापट, ती थंड. मी दहा वाक्यं बोलायचे, ती एक बोलायची, आणि त्या एकाने माझी दहाही वाया जायची. मला फार राग यायचा तिचा, आणि तिच्यावाचून करमायचंही नाही.

ट्रॅक्टर तेव्हा दादाच चालवायचा. दर अंगारकीला आमची सगळी गल्ली ट्रॉलीत बसून पद्मालयाला गणपतीच्या दर्शनाला जायची. खाली चादरी अंथरलेल्या, पुरणपोळ्यांचे डबे, पोरांचा गलका. एका अंगारकीला दादाने सकाळी शेतात वखर मारला आणि तसाच तो ट्रॅक्टर घरी आणून त्याला ट्रॉली जोडली. ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पाय असतात, उजव्या चाकाचा वेगळा, डाव्याचा वेगळा. शेतात वळताना ते सुटे ठेवतात, म्हणजे एकच चाक धरून जागच्या जागी वळता येतं. रस्त्यावर यायचं तर मधली पट्टी टाकून दोन्ही एक करायचे. घाईत दादाची ती पट्टी टाकायची राहिली. येताना उतार लागला तेव्हा त्याने गिअर काढून ट्रॅक्टर मोकळा सोडला. डिझेल वाचतं म्हणून आमच्याकडे सगळेच सोडतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण भरलेली ट्रॉली मागून रेटायला लागली. दादाने ब्रेक दाबला, तो एकाच पायाला लागला. ट्रॅक्टर आडवा फिरला आणि ट्रॉली काही थांबेना, त्याला ढकलत ढकलत बाभळीच्या बांधावर घेऊन गेली. अरे देवा, ते आठवलं तरी अजून अंगावर काटा येतो! माझ्या कपाळाला टाके पडले, वहिनीचा हात मोडला. जीव कुणाचा गेला नाही, ही त्या गणपतीचीच कृपा.

दादा मात्र त्या दिवशी मोडला. आमचा एवढा धिप्पाड भाऊ रस्त्याच्या कडेला बसून लहान पोरासारखा रडत होता. त्यानंतर तो ट्रॅक्टरवर कधी चढला नाही. गावात कुणाचा ट्रॅक्टर उतारावरून येताना दिसला तरी तोंड फिरवून घरात जायचा. वहिनीने त्याला एका शब्दाने दोष दिला नाही. हाताचं प्लॅस्टर निघालं तशी ती माहेरी गेली, भावाकडून महिनाभर ट्रॅक्टर शिकली आणि परत येऊन म्हणाली, "मी चालावसू. पन पहिले ट्रॉलीले बिरेक."

गावाला हसायला तेवढंच पाहिजे होतं. पारावरची मंडळी म्हणायची, "ट्रॉलीले बिरेक? उद्या नांगरले बी लाव!" मलाही तेव्हा काही उमगत नव्हतं, मी विचारलं, "ट्रॅक्टरला आहे की ब्रेक, मग ट्रॉलीला कशाला?" तर म्हणाली, "भरेल ट्रॉली ट्रॅक्टरपेक्षा जड ऱ्हास, शोभाबाई. ट्रॅक्टर थांबना तरी ती ढकलसच. तिले तिना बिरेक पाहिजे." एरंडोलच्या वर्कशॉपमध्ये तिने ट्रॉलीच्या चाकांना ब्रेक बसवून घेतले. ट्रॅक्टरपासून ट्रॉलीपर्यंत तेलाचा पाईप आला. आता ब्रेकवर पाय दिला की आधी ट्रॉली धरली जाते आणि मग ट्रॅक्टर. पहिल्या दिवशी तिने भरल्या ट्रॉलीसकट गावच्या उतारावर ट्रॅक्टर मुद्दाम मध्येच थांबवला आणि पदराने तोंड पुसत बसून राहिली. ट्रॉली तसूभर हलली नाही. पुढे पारावरच्या हसणाऱ्यांतल्याच दोघांनी आपल्या ट्रॉल्यांना ब्रेक बसवले, पण कबूल केलं असेल तर शपथ!

अंगारकीची प्रथा मात्र तिने मोडली ती मोडलीच. "माल लई जासू, मानसे नही." ट्रॉलीत माणूस बसवायचा नाही म्हणजे नाही. शेजारच्यांचं वऱ्हाड पारोळ्याला न्यायला ती नाही म्हणाली, तेव्हा त्यांनी वर्षभर आमच्याशी बोलणं टाकलं. वहिनीने लग्नाचं रुखवत ट्रॉलीतून पोचवलं, स्वतः मांडवात वाढायला उभी राहिली आणि त्यांचा अबोला मजेत सोसला. "बोलतीन," म्हणायची, "हातपाय धड शेतस तर कव्हय ना कव्हय बोलतीन."

दुखणं कळल्यावर तिने रूपालीला शिकवायला घेतलं. पोटात कळ आली की बांधावर बसायची, पण तिथूनही हात करून सांगायची. दादा दोघींवर चिडायचा. आणि आम्ही सगळे तिचे दिवस करून उठलो, तर याने खरंच ट्रॅक्टरला गिऱ्हाईक बघायला सुरुवात केलेली! घरात मक्याची पोती पारोळ्याच्या बाजाराची वाट बघत पडलेली. मग मी काय गप्प बसते? दवाखान्यात तिने माझ्यावर टाकलेलं काम होतं ते. मी दादाला नाही नाही ते बोलले. तो शेवटी एवढंच म्हणाला, "एक गयी, शोभा. आते दुसरीले उतारवर धाडू का?" माझा सगळा राग जागच्या जागी विरला. त्याला ट्रॅक्टर नको होता असं नाही, त्याला भीती वाटत होती. इतकी वर्षं तो ती एकट्यानेच सोसत होता, आणि आम्ही तिला हट्ट म्हणत होतो.

रूपाली दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "बाबा, गिऱ्हाईकाला आठ दिवस थांबवा. मी पोती भरून गावचा उतार उतरते. तुम्ही खाली उभं राहून बघा. तुम्हाला पटलं नाही तर मीच विकायला सांगेन."

दादा आला. उताराच्या तळाशी उभा राहिला आणि माझं मनगट असं घट्ट धरलं की बांगड्या रुतल्या. वरून ट्रॅक्टर दिसला. तो गिअरमध्येच होता, मोकळा सोडलेला नव्हता, हळूहळू येत होता. दादाने तोंड फिरवलं नाही. मध्यावर रूपालीने ब्रेक दाबला, आणि सगळी ओळ, ट्रॅक्टर, ट्रॉली, मक्याची पोती, एका जागी उभी राहिली. मागून धक्का नाही की काही नाही. दादाने माझं मनगट सोडलं.

तो चढ चढून वर गेला. मी मागे. रूपाली इंजिन बंद करून खाली उतरली, चाकांना दगड लावले. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्या मध्ये ब्रेकच्या पाईपचा जोड होता आणि त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून वहिनीने आपल्या हिरव्या लुगड्याची चिंधी बांधलेली होती. उन्हाने विटलेली, तेलाने काळी पडलेली... पण किनार ओळखू येत होती. दादा खाली वाकला. त्या चिंधीवरून त्याने हात फिरवला, बराच वेळ फिरवला. मग मान वर न करता म्हणाला,

"सूनबाई, पारोळाथून पोती इकीसन परत उनी का, मंग हाऊ पाईप कसा जोडतस ते माले बी दखाड."