पुढची सीट

नव्या रबराचा वास आला की मला राहुरीचा एसटी स्टँड आठवतो. नवऱ्याने तेव्हा एका बड्या बागायतदाराची जुनी जर्मन कार हौसेने घेतली होती. रात्रभर उभी राहिली की सकाळी ती पुढचे गुडघे टेकलेल्या म्हशीसारखी दिसायची. माझं डोकं दुखतंय का, हे त्याने कधी विचारलं नाही, पण तिच्या चाकापाशी उकिडवा बसून, साबणाचं पाणी लावून, बुडबुडा कुठून येतोय ते तो तासन् तास बघायचा. शेवटी स्प्रिंगच्या जागी गाडी तोलून धरणारा, चाकावरचा हवेचा रबरी फुगा चिरलेला निघाला. तसा नवा नगरला मिळेना, म्हणून पुण्याच्या जुन्या बाजारातल्या ओळखीच्या माणसाने एसटीच्या ड्रायव्हरकडे पाठवून दिला. नेमकी त्याच एसटीने मी माहेराहून परत येत होते. नवरा धावत येताना दिसला आणि मी पदर सावरला. तो माझ्या खिडकीखालून थेट ड्रायव्हरकडे गेला. "लई जपून आनलाय सायेब, धक्का बी लागू दिला न्हाई," ड्रायव्हर म्हणाला. नवऱ्याने खोकं छातीशी धरलं. शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या जीपमध्ये ते पुढच्या सीटवर बसलं, वर त्याला बेल्टही लागला. "अगं, तू मागं बस ना," तो म्हणाला. मागे कांद्याच्या गोण्या होत्या. त्यांवर बसून मी घरापर्यंत त्या सवतीकडे बघत राहिले. ती कार विकूनही आता बरीच वर्षं झाली. परवा पुण्याहून आले, तर तो स्टँडवर उभा होता; सरळ माझ्याकडे आला, हातातली पिशवी घेतली. मी मात्र आधी वळून ड्रायव्हरच्या केबिनमध्ये पाहिलं, माझ्याबरोबर आणखी कोण आलंय ते.