वेळ खर्च न करणारे भाऊजी

इंग्रजीवर रोज उठून चिडणारा आणि पुन्हा पोटासाठी इंग्रजीच शिकवणारा माणूस शहापूर-मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून एकच होता, आणि तो नेमका माझ्या बहिणीच्या पदरात पडला. भाऊजी टोकावड्याजवळच्या एका हायस्कुलात दहावीला इंग्रजी शिकवायचे. व्याकरणाशी त्यांचं भांडण नव्हतं. राग होता तो त्या भाषेच्या मुळावर. इंग्रजी बोलणं म्हणजे हरळी, असं ते म्हणत. वर दहा काड्या वेगळ्या दिसतात, ओढायला गेलं की खाली मूळ एकच निघतं. वेळ म्हणजे पैसा, हे त्यातलं सगळ्यात चिवट मूळ. म्हणून तो गोरा माणूस टाइम स्पेंड करतो, सेव्ह करतो, वेस्ट करतो आणि वर इन्व्हेस्टही करतो. वाद म्हणजे लढाई, म्हणून मुद्द्यावर अटॅक करायचा, आपला मुद्दा डिफेंड करायचा. "आणि प्रेमात म्हणे फॉल व्हायचं," हे त्यांनी मला ऐकवलं ते माझ्याच साखरपुड्याच्या पंगतीत, "प्रेम म्हणजे काय उघडी विहीर आहे?" माझे होणारे सासरे बुंदी वाढता वाढता थांबले.

मी भातसानगरला धरणाच्या ऑफिसात कारकून. दिवसभर साहेबांच्या तोंडून टाइम-टाइम ऐकून तो शब्द माझ्याही तोंडात बसलेला, त्यामुळे भाऊजींच्या घरी मी चहापुरतंच तोंड उघडायचो. पण परक्या माणसांना कोण सावध करणार? एकदा शहापूरच्या स्टँडवर मुरबाडची एसटी लागेना, आणि शेजारच्या तरुणाने घड्याळाकडे बघत टाइम वेस्ट झाल्याची तक्रार केली. झालं! वेळ तुझ्या खिशात होता का, पडला कुठे, आणि गाडी लवकर आली असती तर उरलेला वेळ कुठल्या पतपेढीत ठेवणार होतास, असं भाऊजींनी त्याला धारेवर धरलं. तो बिचारा उत्तर शोधतोय तोवर एसटी लागली, भरली आणि निघूनही गेली. मी संतापलो, तर म्हणाले, दुसरी येईल की. दुसरी आली ती दिवेलागणीला.

मलेरिया झाला तेव्हा तरी हा माणूस गप्प बसेल असं मला वाटलं होतं. डॉक्टर धीर देत म्हणाले, "फाइट करा, सर." हुडहुडीने खाट हलत होती, दातावर दात आपटत होते, आणि गोधडीतून उत्तर आलं, "मी कुणाशी लढत नाहीये. मी झोपलोय." त्यानंतर डॉक्टरांनी सुई जरा जास्तच जोरात टोचली, असा ताईला आजही संशय आहे.

वेळ तर मराठीतही वाया जातो, असं मी एकदा धीर करून म्हणालो. त्यावर भाऊजींकडे एकच हुकमी उत्तर होतं: आवणीला येऊन बघ. आवणी म्हणजे भाताची लावणी. पूर्वी आमच्याकडे रीत होती, आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या सगळे माझ्या. कोण किती राबला हे मोजायचं नाही. ती रीत गावोगाव मोडली, पण भाऊजींच्या शेतावर माणसं अजून यायची. सकाळी बांधावर हजर. ती बघून भाऊजी असे फुलायचे की जणू साऱ्या इंग्रजी मुलखाला त्यांनी एकट्याने खोटं पाडलंय.

पुढे मुरबाडात इंग्लिश स्पीकिंगचे क्लास निघाले आणि पालकांचे डोळे उघडले. 'टाइम इज मनी' हा निबंध भाऊजी पोरांना पाठ करू देत नाहीत, एकेका वाक्यावर अख्खा तास भांडत बसतात, अशा तक्रारी गेल्या. त्यात निकाल घसरला. मुख्याध्यापकांनी ऐन आवणीच्या तोंडावर पालकसभा बोलावली आणि स्पष्टच सांगितलं, की गाइडप्रमाणे शिकवा, नाहीतर दहावी सोडा. दहावीचा वर्ग म्हणजे भाऊजींचा जीव. त्यांचं तोंड आवरायला ताईने मला बरोबर धाडलं. तोंड कसलं आवरतंय!

ते उभे राहिले आणि पालकांना म्हणाले, "माझ्या आवणीला तुम्ही येता. कधी तासांचा हिशेब केलात? मग वेळ म्हणजे पैसा, हे मी तुमच्या पोरांच्या तोंडी का घालू?"

जो तो आपल्या पायांकडे बघायला लागला. शेवटी मागच्या बाकावरून एक बाप उठला. दरसाल भाऊजींच्या खाचरात पहिला उतरायचा तो हाच.

"सर, रागावू नका," तो म्हणाला. "आमी येतो, पण फुकट नाय येत. तुमच्या घरच्या बाई मजुरी देतात, मागल्या दारी. तुमाला सांगायचं नाय म्हनल्या होत्या. आता कोनाला परवडतंय, सर? पोरांना नोकरी पायजे. तेवढं शिकवा."

खरं बोलणाऱ्या माणसाचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. त्याचा आला, मुख्याध्यापकांचा आला, आणि सगळ्यात जास्त आला तो ताईचा. दहावी गेली. भाऊजींना पाचवी दिली.

घरी आता आग पेटणार म्हणून मी धास्तावलो होतो. भाऊजींनी पाय धुतले, ओटीवर बसले आणि ताईला एवढंच विचारलं, "कधीपासून?"

"माणसं यायची बंद झाली त्या सालापासून," ताई म्हणाली. "तुमी बांधावर वाट बघत उभे होते. दुपार झाली तरी हलले नाय. मला बघवंना."

भाऊजी उठले आणि खाचराच्या वाटेला लागले. बोलले असते, चिडले असते, तर मला बरं वाटलं असतं.

त्या वर्षी त्यांनी स्वतः मजूर सांगितले आणि पुढच्या दारी बसून मजुरी दिली. कडेचं एक लहानसं खाचर मात्र मजुरांना लावू दिलं नाही. "हे आपण दोघं लावू," असं ताईला म्हणाले. मी रजा काढून गेलो होतो, पण मला त्यांनी बांधावरच बसवलं. दोघांनाही कंबर साथ देत नव्हती. दोन ओळी लावायच्या, उभं राहायचं, काहीतरी बोलायचं, पुन्हा वाकायचं, असं चाललं होतं. अंधारून आलं तेव्हा खाचर अर्धंही झालं नव्हतं, आणि घाई दोघांनाही नव्हती.