गुरुवारची गोळी

माझ्या धाकट्या भावाच्या मोबाइलमध्ये सकाळी आठला आणि रात्री आठला कोंबडा आरवतो. सकाळचा कोंबडा बहुतेक वेळा चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये आरवतो, आणि मागच्या सीटवरून कुणीतरी हटकून म्हणतं, घे राव, टाइम झाला. भाऊ पाकीट फाडून कॅप्सूल काढतो, पाण्याचा घोट घेतो आणि गिळतो. त्या कॅप्सूलचं काम एवढंच, की त्याच्या शरीराने माझ्या किडनीला परकी म्हणून हाकलून देऊ नये. हो, माझीच. माझ्या डाव्या कुशीतून काढून त्याच्या पोटात उजवीकडे बसवली, त्याला आता दोन वर्षं होत आली.

मी तिला लेक म्हणते. ऑपरेशननंतर पहिल्यांदा त्याला भेटायला सोडलं तेव्हा मी काचेबाहेरून खुणेने विचारलं होतं, लेक कशी आहे? त्याने अंगठा वर केला. नंतर फोनवर रोजचंच झालं ते. माझी पोर तुझ्याकडे नांदायला दिलीय, तिचे हाल केलेस तर गाठ माझ्याशी आहे. तो म्हणायचा, "आक्का, सासुरवास तर मलाच हाय. दिवसातनं दोनदा हजेरी लावावी लागतीय." आम्ही मूळचे बीडकडचे. तो पिंपरी-चिंचवडमध्ये वाढला तरी माझ्याशी बोलताना त्याचं गाव बाहेर येतं.

ऑपरेशनला मी घाबरले नव्हते, हे लोकांना खरं वाटत नाही. खरी भीती नंतर आली आणि घरचं माणूस असल्यासारखी मुक्कामालाच राहिली. डॉक्टरांनी घरी सोडताना एवढं सांगितलं होतं की माझं डोकं भणाणलं. गोळी चुकवायची नाही. बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही. चुकली तर पुढच्या वेळी मनानेच दोन घ्यायच्या नाहीत. दुसरं कुठलंही औषध, अगदी सर्दीचंसुद्धा, विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. शेजारच्या काकूंनी भावासाठी गुळवेलीचा काढा करून पाठवला, प्रतिकारशक्ती वाढते म्हणाल्या. आमची सगळी धडपड ती वाढू नये म्हणून चाललेली. मी काकूंना गोड हसून धन्यवाद दिले आणि काढा सिंकमध्ये ओतला. कुणी शिंकलं की मी भावाला ओढून लांब न्यायचे. तो चिडायचा. चिडू दे.

वेळेच्या बाबतीत मात्र मला त्याच्या मागे लागावं लागलं नाही. तो कंपनीत क्वालिटीला आहे. एक केसभर फरक दिसला तरी पार्ट बाजूला काढणारा माणूस, आठ म्हणजे आठ. माझ्या नणंदेच्या मुलाच्या लग्नात सातचा मुहूर्त आठपर्यंत लांबला आणि मंगलाष्टकं चालू असताना कोंबडा आरवला. याने एका हातातल्या अक्षता खिशात टाकल्या आणि तिथेच गोळी घेतली. भटजींनी वळून पाहिलं. मला हसू आलं आणि अभिमानही वाटला. पोर चांगल्या घरी पडली, असं मनात आलं.

त्याच्या रक्तात या औषधाची पातळी किती आहे ते दर महिन्याला तपासावं लागतं. पहिलं वर्षभर तो रजा काढून पहाटेच हॉस्पिटलला जायचा, तिथे गर्दी नसायची, सात-सव्वासातला रक्त देऊन मोकळा. मग कोंबडा आरवायचा, मग गोळी. अशाने त्याच्या रजा संपत आल्या. आमच्याकडे कंपन्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते, आणि हॉस्पिटलमध्ये ही तपासणी नेमकी गुरुवारी होत नसे. म्हणून डॉक्टरांना विचारून त्याने तपासणी पिंपरीतल्या एका लॅबमध्ये आणि गुरुवारी ठेवली. रिपोर्ट थेट डॉक्टरांकडे जाणार होता. सगळ्यांच्याच सोयीचं होतं.

फक्त ही सोय एकट्या त्याचीच नव्हती. भोसरीपासून चाकणपर्यंतचा प्रत्येक कामगार आपली शुगर, आपलं बीपी, बायकोचं थायरॉइड, सगळं गुरुवारवर ढकलत असतो. मी थेरगावात राहते, वाकडच्या आयटीवाल्या पोरांचे डबे करते. तपासणीच्या पहिल्याच गुरुवारी डबे नेणाऱ्या माणसाच्या हाती डबे देऊन मी लॅबमध्ये पोचले तर खुर्च्या भरलेल्या, जिन्यापर्यंत माणसं उभी. भावाच्या हातात टोकन होतं आणि त्याच्या आधी बरीच डोकी होती. आम्ही भिंतीला टेकून उभे राहिलो. कोंबडा आरवला. लोक हसले. भावाने खिशातून गोळी काढली आणि मी त्याला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून दिलं.

हे मी इतक्यांदा डोळ्यांसमोर आणलंय, की ते झाकण निळं होतं हेसुद्धा आठवतं.

रक्त घ्यायला त्यानंतर दीड-दोन तास लागले. दोन दिवसांनी डॉक्टरांचा निरोप आला, औषधाची पातळी जास्त आली आहे, डोस थोडा उतरवू. मला बरंच वाटलं. औषध कमी होणं म्हणजे माणूस सुधारणं, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. शिवाय या गोळ्यांनी त्याचे हात थरथरायचे, चहाची बशी किणकिणायची. डोस उतरल्यावर ती थरथर कमी झाली. भाऊबीजेला त्याने भरलेला कप एक थेंब न सांडता उचलला, तेव्हा त्याच्या बायकोने आणि मी एकमेकींकडे बघून डोळे पुसले.

पुढचा महिना, पुन्हा गुरुवार, पुन्हा रांग, पुन्हा कोंबडा. पातळी पुन्हा जास्त. आणि या वेळी क्रिएटिनिनही वाढलं. किडनीचं कसं चाललंय ते सांगणारा हा आकडा आमच्या घरात पोरांच्या मार्कांपेक्षा जास्त बोलला जातो. इतके दिवस तो एक पॉइंट दोन होता, आता दीड झाला. डॉक्टर म्हणाले, जास्त झालेलं औषधच कधीकधी किडनीला त्रास देतं, आणखी उतरवून बघू. त्यांच्यासमोर जे कागद होते त्यावरून कुणीही हेच म्हटलं असतं.

तिसऱ्या वेळी एक पॉइंट नऊ.

तो आकडा भावाने मला फोनवर सांगितला नाही, घरी येऊन सांगितला. दारात बूट काढायला वाकला तेव्हा मला त्याच्या पायावर मोज्याचा वळ दिसला, चांगला खोल. पाय सुजले होते. मी त्याला पाणी दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. माझ्या पोटात खरोखर दुखायला लागलं, जिथे टाके आहेत तिथेच. आणि मनात पहिल्यांदा काय आलं तर भाऊ जाईल असं नाही आलं. माझी किडनी वाया गेली, असं आलं. मग माझी मलाच इतकी शरम वाटली की मी नळ सोडला आणि भांडी घासत बसले.

भावाला दाखल करून घेतलं. सुई घालून किडनीचा तुकडा काढून तपासणार होते. डॉक्टरांनी रिजेक्शन हा शब्द पहिल्यांदा उच्चारला. दिवसभर पार्ट रिजेक्ट करणारा माझा भाऊ तो शब्द ऐकून पांढरा पडला. मी विचारलं, तसं असेल तर दुसरी द्यायची का कुणाची? ते म्हणाले, आधी हिला वाचवू.

रात्रभर मी त्याच्याजवळ बसून होते. नवऱ्याने फोन करून फक्त जेवलीस का विचारलं. किडनी देण्याच्या कागदांवर मी सही करताना तो एका शब्दाने आडवा आला नव्हता, पण तो घाबरलेला असला की जेवणाचं विचारतो, हे मला ठाऊक आहे. देवाचं नाव घ्यावं म्हटलं तर जीभ वळेना. सारखं वाटत होतं, आमचं काय चुकलं? एक गोळी चुकवली नाही. बाहेरचं खाल्लं नाही. ज्या माणसाने लग्नात अक्षता खिशात टाकल्या त्याच्या वाट्याला हे का? मला शरीराचाच राग आला. एवढं समजावून सांगितलं तरी ते आपलं परकं-परकं करतच बसलं होतं.

सकाळी डॉक्टर राउंडला आले. कोंबडा आरवायला थोडा वेळ होता. औषध आणून ठेवलेलं, पण सिस्टर म्हणाल्या, आधी रक्त घेते, गोळी मग. भाऊ त्यांच्यावर भडकला. तो सहसा भडकत नाही. आठ वाजायला आलेत, उशीर झाला तर जबाबदार कोण, असं काहीबाही बोलला. डॉक्टर त्याच्या कागदांत बघत होते. त्यांनी मान वर केली.

"लॅबमध्ये रक्त देता त्या दिवशी गोळी कधी घेता?" त्यांनी विचारलं.

"आठला," भाऊ म्हणाला. "रांग कितीबी असू द्या. रांगेत उभा राहून घेतली, पण एकदाबी चुकवली न्हाई. इचारा आक्काला."

मी मान हलवली. अभिमानाने हलवली.

डॉक्टरांनी पेन खिशाला लावलं आणि पलंगाच्या कडेला बसले. डॉक्टर पलंगावर बसले की मला धडकीच भरते. ते म्हणाले, "पुढची गोळी घ्यायच्या आधी औषध अंगात सगळ्यात कमी असतं. मला ती पातळी बघायची असते. तुम्ही मला गोळी घेतल्यानंतरची, सगळ्यात वर चढलेली पातळी दाखवत होता. ती बघून मी डोस उतरवत गेलो."

वॉर्डमध्ये कुठेतरी ट्रॉलीचं चाक करकरत होतं. भाऊ माझ्याकडे बघायला लागला, लहानपणी काही फुटलं की बघायचा तसा. मला उलगडायला जरा वेळ लागला. मग एकेक करून सगळं समोर येत गेलं, ती रांग, ते निळं झाकण, आणि न किणकिणणारी बशी, जी बघून आम्ही दोघी रडलो होतो. हात थरथरायचा थांबला कारण त्याच्या अंगात औषध पुरेसं उरलंच नव्हतं. आधी रक्त आणि मग गोळी, हे घरी सोडताना सांगितलं होतं का? सांगितलंच असणार. वर्षभर रक्त आठच्या आधीच दिलं जायचं, म्हणून त्या सूचनेशी आमची कधी गाठच पडली नाही. डॉक्टर स्वतःच म्हणाले, लॅब बदलली तेव्हा मी विचारायला हवं होतं. त्यांचा आवाज उतरला होता. मला त्यांच्यावर रागवायचं होतं, जमलं नाही.

त्या सकाळी गोळीआधी घेतलेल्या रक्तात औषध फारच कमी निघालं. सुईने काढलेल्या तुकड्यात रिजेक्शन सुरू झालेलं दिसलं, पण सुरुवातच होती. शिरेतून स्टेरॉइड दिलं, डोस पुन्हा चढवला. आकडा एकेक पायरी खाली आला आणि एक पॉइंट चारवर थांबला. पुन्हा एक पॉइंट दोन कधी झाला नाही. डॉक्टर म्हणतात, यावरही पुष्कळ वर्षं निघतील. मी पुष्कळ म्हणजे किती ते विचारलं नाही.

घरी आल्यावर भाऊ माझ्याशी नीट बोलेना. लेकीचा विषय काढला की उठून जायचा. शेवटी त्याच्या बायकोने सांगितलं, त्यांना तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटते. मी म्हटलं, बाटली मी उघडून दिली होती, मग मी कुणाला तोंड दाखवू?

पुढच्या तपासणीला आम्ही रजा टाकून हॉस्पिटलमध्येच जायचं ठरवलं होतं, पण कंपनीत ऑडिट निघालं आणि पुन्हा गुरुवारच आला. पुन्हा तीच लॅब, तोच जिना. लवकर जाऊनही आमच्यापुढे रांग होतीच. डॉक्टरांना फोन करून पक्कं विचारून घेतलं होतं. त्यांनी सांगितलं होतं, रक्त दिल्याशिवाय गोळी नाही, त्या दिवशी थोडा उशीर चालतो, घाबरू नका.

कोंबडा आरवला.

भावाने तो बंद केला. त्याने सवयीने गोळी पाकिटातून काढलेली होतीच, ती मुठीत धरून तो उभा राहिला. डॉक्टरांनी सांगितलेलं मला पाठ होतं, तरी मी मान वळवून लॅबच्या घड्याळाकडे पाहिलं. इतके महिने आठ वाजून गेले की पोरीचं काही खरं नाही असं जे अंगात भिनलं होतं, ते एका फोनने कसं जाणार? काट्याकडे बघवेना आणि नजर दुसरीकडे ठरेना. रांग हलत नव्हती. भावाच्या कपाळावर घाम आला. एकदा त्याची मूठ तोंडाकडे चालली, अर्ध्यावर थांबली. मी त्याचं मनगट धरलं. मग सोडलंच नाही.

"आक्का, म्या काय चोर हाय का?" तो हळूच म्हणाला.

"गप उभा राहा," मी म्हटलं.

लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचे तसं मनगट धरून आम्ही दोघं चाळिशी उलटलेली माणसं त्या जिन्यात उभे होतो, आणि लोक वाट काढत आमच्या बाजूने जात होते. शेवटी नंबर लागला. रक्त घेतलं, कापूस लावला. मी म्हटलं, आता घे. त्याने मूठ उघडली. घामाने कॅप्सूल विरघळून चपटी झाली होती, तळहाताला चिकटली होती. तो तिच्याकडे बघत राहिला.

मी मोकळ्या हाताने पर्स उघडली. रुमालात गुंडाळलेलं पाकीट काढलं, न फाडलेलं, त्याच गोळीचं, त्याच ताकदीचं. त्याच्या बायकोकडून मागून घेतलं होतं, हॉस्पिटलमधून आलो त्याच दिवशी. तेव्हापासून ते माझ्याबरोबर बाजारात जातं, डबे करताना ओट्यावर असतं.

त्याने गोळी घेतली, पाणी प्यायला. मग बाटलीला झाकण लावत, माझ्याकडे न बघता, कितीतरी दिवसांनी म्हणाला, "आक्का, लेक बरी हाय."

त्याचं मनगट अजून माझ्याच हातात होतं.