पितरांच्या पंधरवड्यात मेंढ्यांची भादरणी

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट असेल. सोनगीरजवळ आमचं थोडं कोरडवाहू वावर आणि दारात सहा मेंढ्या. गुजरातेतले काठेवाडी लोक दरवर्षी कळप घेऊन आमच्या भागात उतरायचे, त्यांच्याकडून घेतलेल्या. इकडच्या मेंढ्यांची लोकर आखूड. यांची इतकी लांब, की बसल्या म्हणजे गोधड्यांचा ढीग वाटावा. दिसायला देखण्या, पण सांभाळायला जीव नकोसा व्हायचा.

आदल्या वर्षी काठेवाड्याचा मेंढा आणून ठेवला होता, तरी सहाच्या सहा रिकाम्या राहिल्या. आमचे मालक म्हणाले, "औंदा गाभण राहिल्या तर ठीक. ज्या राहणार नाहीत त्या खाटकाला." ते एकदा बोलले की बोलले. काठेवाड्याला विचारलं, तर तो हसायलाच लागला. "पीछे इतना जंगल रखेगी तो मेंढा क्या करेगा, बहेन?" खरंच की हो. शेपटीखालची लोकर शेणानं नि गोखरूनं चिकटून पाटीसारखी झाली होती. वर्षभर यांना हातानं पाला भरवला, आणि एवढं मला दिसू नये!

म्हणून या खेपेला मेंढा यायच्या आधी मागून भादरायचं ठरवलं. पण मेंढा मिळणार तो नेमका पितरांच्या पंधरवड्यात. त्यानंतर त्यांचा कळप पुढे जाणार. दिवसभर निंदून आले होते, कंबर धरलेली, तशीच कात्री घेऊन बसले. सासरे, आमचे आबा, ओट्यावरून ओरडले, "अवं, हाई काय करी ऱ्हायनी? पितरंस्ना दिनमा कोणी केस कापस का?" पंधरवडा लागल्यापासून त्यांनी स्वतःच्या दाढीलाही वस्तरा लावला नव्हता.

मी म्हटलं, "आबा, यास्ना पितर काठेवाडमा ऱ्हातस. इतला दूर कसाले येतीन?"

तेवढ्यात मेंढीनं लाथ झाडली, नि मी शेणातच बसले. मग मात्र आबा काठी टेकत आले, मेंढीची मान गुडघ्यात धरली. "आते काप नीट. अर्धं ठेवशी तं पितरं बी जातीन नि कोकरं बी."

एकेकीला तासभर लागायचा. गोखरूवर तेल चोळायचं, बोटानं सोडवायचं, मग कात्री. अंगठ्याला फोड आला, फुटला, त्याच हातानं भाकरी थापली. मेंढ्यांच्या अंगावर मांस धरावं म्हणून रोज भिजवलेली बाजरीही घालायची होती. तीन दिवसांत सहा झाल्या. मेंढा आला तेव्हा त्याच्या छातीला तेलात कालवलेला गेरू फासला, म्हणजे कोणाला लागला ते कळावं. दहाव्या दिवसापर्यंत सहाही पाठी लाल. शेजारीण म्हणाली, "आता हस की!" मला फक्त निजावंसं वाटत होतं.

माघ सरता सरता चौघी व्याल्या. दोघी तशाच राहिल्या. मालकांनी शब्द पाळला. त्या दोघींनाही मी तेवढंच तेल चोळलं होतं, तेवढीच बाजरी घातली होती. पण ते कोणाला सांगणार? खाटीक आला त्या दिवशी मी मुद्दाम लांबच्या तुकड्यात काड्या वेचायला गेले, आणि उन्हं उतरेपर्यंत वेचत राहिले.