चांगुणाबाईचं चालणं

चांगुणाबाईनं उभा जन्म पायावर काढला. इस्लापूरच्या या कासारणीनं डोक्यावर काकणांची टोपली घेऊन सहस्रकुंड धबधब्याच्या अंगाची गावं पालथी घातली. काय दिवस होते ते! वेशीत पाय टाकला की पोरी ओरडत यायच्या, "मावशी आली!" ओट्यावर बसून हात दाबत काकणं भरायची अन् चार घरचा चहा पिऊन पुढच्या गावाला लागायची.

अन् आता नांदेडच्या दवाखान्यात खाटंवर. पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी व्यायाम घेणारी तनुजा कागद घेऊन आली.

"पडायच्या आधी आजी किती चालायच्या?"

लेक भागवत छाती फुगवून म्हणाला, "छे हो! आईला आम्ही काडी उचलू देत न्हाई. सगळं जागेवर."

घ्या! आईला बसवून खाऊ घालतो, हे चारचौघांत सांगायची केवढी हौस! तनुजानं तसंच लिहिलं.

"आधी जेवढं चालत होत्या, त्यावरच पुढचा अंदाज बांधतो आम्ही. या हिशेबानं वॉकर धरून घरातल्या घरात फिरतील. बाहेरचं अवघड दिसतंय."

भागवतनं मान हलवली अन् चाकाच्या खुर्चीची चौकशी सुरू केली.

चांगुणाबाई सगळं ऐकत होती. भागवत ऑफिसला गेला की ती रोज गुपचूप नदीपर्यंत जायची, वाटेत काकणवाल्या बायकांत घटकाभर टेकायची अन् पाचच्या आत घरी यायची. नांदेडला लेकाकडं राहायला आल्यापासून दोन वर्षं हेच. आता बोलावं तर लेकाचं तोंड पडतंय, न बोलावं तर आपले पाय जातात.

"बाई, खोडा ते," ती म्हणाली. "मी रोज नदीवर जाऊन येत व्हते. पायी."

भागवत तिच्याकडं वळला. "अन् मला सांगितलं न्हाईस?"

"कसं सांगू रं? म्हातारी सुखानं बसून हाय म्हणून लई खूश असायचास तू."

त्याचे डोळे भरले. तिचेही. तनुजानं आधीची ओळ खोडली. "मग आजी, आशा चांगली आहे. खात्री देत नाही, पण आजच उभं राहायचं."

ती वॉकरला धरून उठली. पाय लटलट कापत होते. भागवत सावरायला धावला, तर केवढ्यानं खेकसली त्याच्यावर,

"सोड! मागं मागं ये फक्त."